एक ‘वर’ आणि इंग्रजीतले पाच शब्द : प्रिपोझिशन समजून घेताना

‘सोमवारपर्यंत अर्ज पाठवा’ आणि ‘सोमवारपर्यंत थांबा’ ही दोन वाक्ये मराठीत इतक्या सहज येतात की, दोन्हींमधल्या ‘पर्यंत’चे काम वेगळे आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पहिल्या वाक्यात सोमवार ही मुदत आहे. अर्ज शनिवारी पाठवला काय किंवा रविवारी पाठवला काय, एकदा तो गेला की काम झाले. दुसऱ्या वाक्यात थांबण्याची क्रिया सोमवार उजाडेपर्यंत अखंड चालू राहायची आहे. मराठी दोन्हीकडे एकच शब्द वापरते आणि नेमका अर्थ क्रियापदावर सोपवते. इंग्रजीला मात्र येथे दोन वेगळे शब्द लागतात : मुदतीसाठी ‘बाय’ आणि चालू राहणाऱ्या क्रियेसाठी ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’. म्हणून ‘सेंड द ॲप्लिकेशन बाय मंडे’, पण ‘वेट अन्टिल मंडे’. ‘सेंड द ॲप्लिकेशन अन्टिल मंडे’ असे कोणी लिहिले, तर सोमवार येईपर्यंत अर्ज पाठवतच राहा, असा त्याचा अर्थ होतो.

इंग्रजी व्याकरणाचा पुष्कळसा भाग नियम समजला की सुटतो. प्रिपोझिशनचे तसे होत नाही आणि त्याचे कारण बहुधा या ‘पर्यंत’सारख्या शब्दांत असते. आपण मराठी प्रत्ययाला एक इंग्रजी प्रतिशब्द नेमून देतो, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘मध्ये’ म्हणजे ‘इन’, ‘ला’ म्हणजे ‘टू’, आणि मग प्रत्येक ठिकाणी तोच चिकटवत जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की ही नेमणूक मनातून काढून टाकल्याशिवाय प्रिपोझिशनच्या कितीही याद्या पाठ केल्या तरी त्यांचा उपयोग मर्यादितच राहतो.

प्रिपोझिशन हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ ‘आधी ठेवलेला’ असा आहे. एखाद्या नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधी बसून त्याचे वाक्यातल्या दुसऱ्या एखाद्या शब्दाशी असलेले नाते सांगणे, हे त्याचे काम. ‘द बुक इज ऑन द टेबल’ या वाक्यात पुस्तक आणि टेबल यांचे नाते ‘ऑन’ सांगतो. त्याच्या जागी ‘अंडर’ ठेवला, तर दोन्ही वस्तू त्याच राहतात आणि नाते तेवढे बदलते. ज्या नामाच्या आधी तो येतो त्याला प्रिपोझिशनचे कर्म म्हणतात, आणि प्रिपोझिशन व त्याचे कर्म मिळून जो शब्दगट होतो तो वाक्यात एकसंध वावरतो.

मराठीत हेच नाते नामाच्या मागाहून येते. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला शेवटी जोडली जातात, आणि जोडली जाताना नामाचे रूपही बदलतात. ‘घोडा’ला ‘वर’ लागण्यापूर्वी त्याचा ‘घोड्या’ होतो. ‘झाड’ला ‘खाली’ लागताना ‘झाडा’ होते. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. इंग्रजीत नाम जसेच्या तसे राहते; ‘हॉर्स’ हा ‘ऑन’पुढेही ‘हॉर्स’च. फक्त काही सर्वनामांत बदल दिसतो : ‘ही’चा ‘हिम’, ‘आय’चा ‘मी’, ‘दे’चा ‘देम’. त्यामुळे ‘बिटवीन यू अँड मी’ हेच शुद्ध आहे. ‘बिटवीन यू अँड आय’ हे कानाला कितीही सभ्य वाटले, तरी औपचारिक लेखनात ते चूक मानले जाते, कारण ‘बिटवीन’चे कर्म कर्त्याच्या रूपात राहू शकत नाही.

इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. साधारण बाराव्या शतकापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या, आणि कर्ता, कर्म, संबंध, दान अशी नाती शब्दाच्या शेवटच्या अक्षरांतून कळत. पुढे ही शेवटची अक्षरे उच्चारात झिजत गेली, वेगवेगळी रूपे एकसारखी ऐकू येऊ लागली, आणि जी नाती प्रत्यय सांगत होते त्यांचा भार दोन गोष्टींवर पडला. एक म्हणजे वाक्यातला शब्दांचा क्रम आणि दुसरी म्हणजे प्रिपोझिशन. ज्याला आपली विभक्ती ठाऊक आहे, त्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी आणि सप्तमी जी कामे करतात, तीच इंग्रजीत ‘बाय’, ‘विथ’, ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘ऑव्ह’, ‘इन’ हे छोटे शब्द करतात. काम तेच आहे. वाटणी मात्र निराळी झाली आहे.

रचनेनुसार पडणारे प्रकार

व्याकरणाच्या पुस्तकांत प्रिपोझिशनचे प्रकार प्रथम त्यांच्या घडणीवरून सांगितलेले असतात. ‘ॲट’, ‘बाय’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’, ‘विथ’, ‘थ्रू’, ‘टिल’ असे जे शब्द पुढे फोडता येत नाहीत, ते साधे प्रिपोझिशन. यांतच ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ येतात. मराठीत आपण दोन्ही ‘ऑफ’ असेच लिहितो, परंतु पहिल्याचा शेवट ‘व्ह’सारखा होतो आणि दुसऱ्याचा ‘फ’सारखा, म्हणून या लेखात ते वेगळे लिहिले आहेत. मुळात हे दोन्ही एकच शब्द होते आणि त्याचा अर्थ ‘पासून दूर’ असा होता. जोर देऊन उच्चारलेले रूप ‘ऑफ’ झाले व त्याने दूर जाण्याचा अर्थ राखला. जोर न देता उच्चारलेले रूप ‘ऑव्ह’ झाले आणि हळूहळू ते आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करू लागले.

दुसरा प्रकार संयुक्त प्रिपोझिशनचा. ‘बिफोर’, ‘बिहाइंड’, ‘बिलो’, ‘बिसाइड’, ‘अबाउट’, ‘अमंग’, ‘विदिन’, ‘इनसाइड’ हे शब्द दोन तुकडे जुळून तयार झालेले आहेत. हे तुकडे ओळखता आले तर अर्थही उलगडतो. ‘बिटवीन’च्या उत्तरार्धात ‘दोन’ या अर्थाचा जुना शब्द आहे, आणि ‘अमंग’ ज्या जुन्या शब्दसमूहातून आला त्याचा अर्थ ‘गर्दीत, समुदायात’ असा होता. दोघांसाठी ‘बिटवीन’ आणि अनेकांसाठी ‘अमंग’ हा शाळेत शिकवला जाणारा नियम येथून येतो. मात्र तो अर्धाच आहे. तीन देशांमध्ये करार झाला आणि प्रत्येक देश स्वतंत्रपणे दुसऱ्याशी बांधला गेला, तर तेथे ‘ॲन ॲग्रीमेंट बिटवीन थ्री कंट्रीज’ असेच म्हणतात. घटक मोजून वेगळे दाखवता येत असतील तेथे ‘बिटवीन’, आणि ते एका समुदायात मिसळलेले असतील तेथे ‘अमंग’, हा भेद संख्येपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

तिसरा प्रकार शब्दसमूहांचा : ‘इन फ्रंट ऑव्ह’, ‘बिकॉज ऑव्ह’, ‘इन्स्टेड ऑव्ह’, ‘इन स्पाइट ऑव्ह’, ‘अकॉर्डिंग टू’, ‘ऑन बिहाफ ऑव्ह’. हे दोन-तीन शब्द मिळून एकाच प्रिपोझिशनचे काम करतात. येथे एक चूक फार आढळते. ‘इन स्पाइट ऑव्ह’ आणि ‘डिस्पाइट’ यांचा अर्थ एकच, ‘असूनही’. म्हणून कित्येक जण ‘डिस्पाइट ऑव्ह’ असे मिश्रण करतात. ‘डिस्पाइट’ला ‘ऑव्ह’ कधीच लागत नाही.

क्रियापदाच्या रूपातून प्रिपोझिशन झालेले काही शब्दही आहेत, जसे ‘रिगार्डिंग’, ‘कन्सर्निंग’, ‘कन्सिडरिंग’, ‘ड्युरिंग’. ‘ड्युरिंग’च्या मागे ‘टिकणे, चालू राहणे’ या अर्थाचे एक जुने क्रियापद होते, जे आता वापरातून गेले आहे. आणि शेवटी, लपलेले प्रिपोझिशन. ‘ओ’क्लॉक’मधला ‘ओ’ म्हणजे ‘ऑव्ह द क्लॉक’मधला ‘ऑव्ह’. ‘ट्वाइस अ डे’ यातला ‘अ’ आज उपपदासारखा दिसतो, पण तो जुन्या ‘ऑन’चे झिजलेले रूप आहे. ‘अशोअर’, ‘अस्लीप’ या शब्दांच्या सुरुवातीलाही हाच ‘ऑन’ दडलेला आहे.

ठिपका, पृष्ठभाग आणि पोकळी

घडणीवरून केलेले वर्गीकरण परीक्षेत विचारले जाते. वाक्य लिहिताना मात्र उपयोग होतो तो अर्थावरून केलेल्या वर्गीकरणाचा. स्थळ, काळ, दिशा, साधन, कारण, संबंध अशी ही नाती आहेत. यांत स्थळाचे नाते सर्वांत मुळाशी आहे, कारण बाकीचे पुष्कळसे अर्थ त्याच्यावरूनच पुढे सरकलेले आहेत.

‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ या तिघांकडे नीट पाहू. ‘ॲट’ जागेकडे ठिपका म्हणून पाहतो. तिची लांबी, रुंदी, आतली पोकळी यांचा विचार करत नाही. ‘ऑन’ला पृष्ठभाग किंवा रेषा दिसते, आणि वस्तू तिला टेकलेली असते. ‘इन’ला चारी बाजूंनी वेढलेली जागा दिसते. आता एकच जागा तीन प्रकारे पाहता येते. ‘शी इज ॲट द स्टेशन’ म्हणताना स्टेशन हा प्रवासातला एक बिंदू आहे. ती फलाटावर आहे की तिकिटाच्या रांगेत, याच्याशी बोलणाऱ्याला कर्तव्य नाही. ‘शी इज ऑन द प्लॅटफॉर्म’ म्हणताना पायाखालचा पृष्ठभाग दिसतो. ‘शी इज इन द वेटिंग रूम’ म्हणताना भिंती दिसतात. म्हणूनच ‘कोणत्या शब्दाबरोबर कोणता प्रिपोझिशन’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ‘बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जागेचे कोणते चित्र आहे’ असा प्रश्न विचारावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हे चित्र लक्षात घेतले की चमत्कारिक वाटणारे प्रयोगही जुळू लागतात. भिंतीवरचे चित्र आणि छतावरची माशी ही दोन्ही ‘ऑन’च, छताच्या खालच्या बाजूला चिकटलेली माशीसुद्धा ‘ऑन द सीलिंग’, कारण ‘ऑन’ला हवा असतो स्पर्श, उंची नव्हे. स्पर्श सुटला की ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’ येतो : टेबलावर पुस्तक असेल तर ‘ऑन’, टेबलावर दिवा टांगलेला असेल तर ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’. मराठी दोन्हीकडे ‘टेबलावर’ म्हणून मोकळी होते. वाहनांच्या बाबतीत मोटारीसाठी ‘इन’ आणि बस, रेल्वे, जहाज, विमान यांसाठी ‘ऑन’ चालतो. ज्यात आपण उभे राहून चालू शकतो त्याला ‘ऑन’, ज्यात वाकून शिरून बसावे लागते त्याला ‘इन’, ही खूण व्यवहारात पुरते.

स्थिती सोडून गती आली की आणखी एक फरक करावा लागतो. ‘ही वॉज इन द रूम’ ही स्थिती. ‘ही वेंट इंटू द रूम’ ही बाहेरून आत जाण्याची गती. ‘ही रॅन इन द गार्डन’ म्हणजे तो बागेतल्या बागेत धावला, आणि ‘ही रॅन इंटू द गार्डन’ म्हणजे धावत बागेत शिरला. मराठीत ‘तो बागेत धावला’ या वाक्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात आणि संदर्भ त्यांतला एक निवडतो. इंग्रजीत ही निवड शब्दालाच करावी लागते.

काळासाठी इंग्रजीने हीच स्थळाची चित्रे वापरली आहेत. घड्याळातली वेळ हा ठिपका, म्हणून ‘ॲट फाइव्ह’. दिवस किंवा तारीख ही एक पाटी, तिच्यावर घटना ठेवायची, म्हणून ‘ऑन मंडे’, ‘ऑन 15 ऑगस्ट’. महिना, ऋतू, वर्ष, शतक ही मोठी भांडी, म्हणून ‘इन जून’, ‘इन 1947’. ‘इन द मॉर्निंग’ म्हणतात, पण त्या सकाळला वाराचे नाव लागले की वाराचे पारडे जड होते आणि ‘ऑन मंडे मॉर्निंग’ असे होते. ‘ॲट नाइट’ या प्रयोगाला मात्र अपवाद म्हणूनच स्वीकारावे. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’ आणि ‘एव्हरी’ यांच्या आधी काहीच लागत नाही. ‘ऑन लास्ट मंडे’ ही चूक केवळ ‘गेल्या सोमवारी’मधल्या ‘ई’ला प्रतिशब्द शोधण्याच्या सवयीतून होते. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांतही फरक आहे. ठरलेल्या वेळेवर नेमके येणे हे ‘ऑन टाइम’. उशीर होण्यापूर्वी, हातात थोडा अवकाश राखून येणे हे ‘इन टाइम’.

मराठीतून इंग्रजीत जाताना कुठे अडखळते

‘पासून’ हा शब्द ‘पर्यंत’चाच भाऊ आहे. ‘तो 2019 पासून येथे राहतो’ आणि ‘तो दोन वर्षांपासून येथे राहतो’. पहिल्यात ‘पासून’ला आरंभाचा क्षण जोडला आहे, दुसऱ्यात कालावधी. आरंभबिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’ : ‘ही हॅज लिव्ह्ड हिअर सिन्स 2019’, पण ‘ही हॅज लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’. ‘सिन्स टू इयर्स’ ही मराठी भाषकांच्या इंग्रजीतली बहुधा सर्वाधिक ओळखीची चूक आहे. तिच्याबरोबर काळाचीही चूक होते, कारण मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ चालतो, तर इंग्रजीला येथे भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत पोचणारा पूर्ण काळ लागतो.

‘चोराने हातोडीने कुलूप तोडले’ या वाक्यात दोन ‘ने’ आहेत. एक करणाऱ्याचा, एक साधनाचा, आणि वाचताना आपण क्षणभरही गोंधळत नाही. इंग्रजीत हेच वाक्य कर्मणी प्रयोगात नेले तर ‘द लॉक वॉज ब्रोकन बाय द थीफ विथ अ हॅमर’ असे होते. करणाऱ्याला ‘बाय’, हातातल्या साधनाला ‘विथ’. प्रवासाच्या साधनाला पुन्हा ‘बाय’, आणि तेव्हा उपपद गळते : ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. पण पायी जायचे असेल तर ‘ऑन फूट’.

शीर्षकातला ‘वर’ आता घेऊ. ‘तो माझ्यावर रागावला’, ‘तो माझ्यावर हसला’, ‘तो माझ्यावर अवलंबून आहे’, ‘त्याचा माझ्यावर विश्वास आहे’, ‘त्याचे माझ्यावर प्रेम आहे’. पाचही वाक्यांत ‘माझ्यावर’. इंग्रजीत ती अनुक्रमे ‘अँग्री विथ मी’, ‘लाफ्ड ॲट मी’, ‘डिपेंड्स ऑन मी’, ‘हॅज फेथ इन मी’ आणि ‘हॅज लव्ह फॉर मी’ अशी होतात, आणि शेवटचे वाक्य क्रियापदाने सांगायचे ठरवले तर ‘लव्हज मी’ म्हणताना प्रिपोझिशन नाहीसाच होतो. पाचांपैकी एकाच ठिकाणी ‘ऑन’ आला. यामागे कारण शोधू नये असे नाही, हसण्याचा रोख ज्या बिंदूकडे असतो तेथे ‘ॲट’ येणे आणि ज्याच्या आधारावर टेकायचे तेथे ‘ऑन’ येणे समजण्यासारखे आहे. पण प्रत्येक जोडीमागे असे कारण हाताला लागेलच याची खात्री नाही. येथे क्रियापद किंवा विशेषण आणि त्याचा प्रिपोझिशन ही जोडी एकच शब्द समजून शिकावी. ‘डिपेंड’ असा शब्द वहीत लिहू नये. ‘डिपेंड ऑन’ असा लिहावा. ‘अफ्रेड’ नव्हे, ‘अफ्रेड ऑव्ह’. ‘गुड’पुढे विषय असेल तर ‘गुड ॲट’.

याच्या उलट, मराठी प्रत्ययाच्या ओढीने इंग्रजीत नको तेथे प्रिपोझिशन घुसतो. ‘विषयावर चर्चा करणे’ असे मनात असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. ‘त्याच्याशी लग्न केले’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. ‘खोलीत शिरला’ म्हणून ‘एंटर्ड इन द रूम’. ‘घरी पोचलो’ म्हणून ‘रीच्ड टू होम’. ‘डिस्कस’, ‘मॅरी’, ‘एंटर’ (जागेत शिरण्याच्या अर्थी), ‘रीच’, ‘रिझेंबल’, ‘अवेट’ ही क्रियापदे आपले कर्म थेट घेतात. ‘ला’चेही असेच. ‘मी त्याला सांगितले’ याचे ‘आय टोल्ड हिम’ होते, ‘टोल्ड टू हिम’ नव्हे. पण ‘मी त्याला समजावले’ याचे ‘आय एक्स्प्लेन्ड इट टू हिम’ होते आणि तेथे ‘टू’ वगळला तर वाक्य बिघडते. ‘टेल’ आणि ‘आस्क’ माणसाला थेट धरतात, ‘से’ आणि ‘एक्स्प्लेन’ ‘टू’च्या हाताने धरतात.

तुलनेच्या ‘पेक्षा’ला आपण ‘दॅन’ म्हणतो आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरच असते. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेचा अर्थ पोटात घेऊनच आले. त्यांच्यापुढे ‘टू’ येतो. ‘प्रिफर’चेही तसेच : ‘आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’.

शब्दगट कोणाला लागतो

‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ हे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. दुर्बीण कोणाकडे होती? ‘विथ द टेलिस्कोप’ हा गट ‘सॉ’ला लागला, तर मी दुर्बिणीतून पाहिले, ‘मॅन’ला लागला, तर त्या माणसाकडे दुर्बीण होती. इंग्रजी वाक्यात दोन्ही अर्थ जिवंत राहतात, कारण प्रिपोझिशनचा गट नामाचे विशेषण म्हणूनही काम करतो आणि क्रियापदाचे क्रियाविशेषण म्हणूनही. मराठीत असे होत नाही. ‘मी दुर्बिणीतून माणूस पाहिला’ आणि ‘मी दुर्बीण घेतलेला माणूस पाहिला’ ही वाक्ये मुळातच वेगळी रचावी लागतात, कारण नामाचे विशेषण व्हायचे तर आपल्या शब्दाला रूप बदलावे लागते. म्हणून इंग्रजी लिहिताना हा गट ज्या शब्दाचे वर्णन करतो त्याच्या शक्य तितका जवळ ठेवावा लागतो. ‘शी रेड अ लेटर टू अ फ्रेंड इन द गार्डन’ यात बागेत कोण होते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

दिसायला प्रिपोझिशन असलेला प्रत्येक शब्द प्रिपोझिशन असतोच असे नाही. ‘कम इन’ यातल्या ‘इन’ला कर्म नाही, म्हणून तेथे तो क्रियाविशेषण. ‘बिफोर द मीटिंग’ यात ‘बिफोर’ प्रिपोझिशन आहे; ‘बिफोर ही केम’ यात त्याच्यापुढे पूर्ण उपवाक्य आल्याने तो उभयान्वयी; ‘आय हॅव मेट हिम बिफोर’ यात तो क्रियाविशेषण. पुढे काय आले, एवढे पाहिले की ओळख पटते.

खरी कसोटी लागते ती ‘रॅन अप द हिल’ आणि ‘लुक्ड अप द वर्ड’ या जोडीत. दोन्हींची ठेवण सारखी दिसते. परंतु ‘लुक्ड द वर्ड अप’ असे म्हणता येते, ‘रॅन द हिल अप’ असे म्हणता येत नाही. पहिल्या वाक्यात ‘अप द हिल’ हा एक गट आहे आणि ‘अप’ प्रिपोझिशन आहे. दुसऱ्यात ‘लुक अप’ हे एकच क्रियापद असून त्याचा अर्थ ‘शब्द कोशात शोधणे’ असा आहे; तेथील ‘अप’ क्रियापदाचा अवयव आहे आणि कर्माच्या पलीकडे सरकू शकतो. सर्वनाम असेल तर तो सरकलाच पाहिजे : ‘लुक इट अप’. याउलट ‘लुक आफ्टर’ (काळजी घेणे) यात ‘आफ्टर’ हलत नाही. ‘लुक आफ्टर हर’ हेच बरोबर.

‘टू’ची एक वेगळी अडचण आहे. ‘आय वॉन्ट टू मीट यू’ यातला ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण आहे. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यातला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशनपुढे क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ लावून नाम बनवावेच लागते. पत्राच्या शेवटी हमखास दिसणारे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ येथे चुकते. शंका आली तर ‘टू’पुढे एखादे नाम ठेवून पाहावे, ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’ चालते, म्हणजे तो प्रिपोझिशन आहे.

वाक्याच्या शेवटी उरलेला प्रिपोझिशन

प्रिपोझिशन ‘आधी ठेवलेला’ असल्यामुळे तो वाक्याच्या शेवटी येऊ नये, असे पुष्कळांना शिकवले जाते. या समजुतीला जुना इतिहास आहे. कवी जॉन ड्रायडन याने 1672 मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या भाषेत हा दोष दाखवला आणि तो आपल्याही लेखनात आढळल्याचे मान्य केले. पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ याच्या व्याकरणाने थोडी मवाळ भूमिका घेतली : बोलण्यात आणि साध्या लेखनात असे वाक्य शोभते, गंभीर शैलीत मात्र प्रिपोझिशन आधी आणणे अधिक डौलदार दिसते. आजच्या इंग्रजीत ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. ‘फॉर व्हॉट आर यू लुकिंग?’ हे बोलण्यात कृत्रिम वाटते.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, शेवटी उरलेला हा प्रिपोझिशन आपल्या हातून गळून पडतो. मराठीत प्रत्यय नामाला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे नाम पुढे गेले तर तोही त्याच्याबरोबर जातो; मागे एकटा राहूच शकत नाही. ‘बसायला खुर्ची’ म्हणताना ‘वर’ कुठे उच्चारलेलाच नाही, आणि म्हणून इंग्रजीत ‘अ चेअर टू सिट’ लिहिले जाते. पण इंग्रजी माणूस खुर्चीवर बसतो, ‘सिट्स ऑन अ चेअर’, आणि खुर्ची वाक्यात पुढे आली तरी तिचा ‘ऑन’ मागच्या जागी राहतो : ‘अ चेअर टू सिट ऑन’. तसेच ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘समवन टू टॉक टू’. मराठीत ‘लिहायला पेन’, ‘लिहायला कागद’ आणि ‘लिहायला विषय’ ही तिन्ही एकाच साच्यातली आहेत. इंग्रजीत पेन असेल तर ‘टू राइट विथ’, कागद असेल तर ‘टू राइट ऑन’, आणि विषय असेल तर ‘टू राइट अबाउट’.